वळूपलीकडचं अडीच एकर

माझ्या नवऱ्याने जंगल विकत घेतलं, हे डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या आमच्या मराठी मंडळींत मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता: एन.ए. झालंय का? दुसरा प्रश्न, बांधकाम किती करता येतं? तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. "काही बांधायचं नाहीये, नुसतं ठेवायचंय," हे ऐकल्यावर सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले आणि कुणीतरी मला बळेच अजून एक बटाटेवडा वाढला.

चारुदत्तला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणं अवघडच होतं. हा माणूस गेली पंधरा वर्षं डेटाबेस सांभाळतो. लुआस ट्राममध्ये कुणी याच्या पायावर पाय दिला तर हाच सॉरी म्हणतो. हॉटेलात चुकीची डिश आली तर निमूट खातो, वर वेटरला छान होती म्हणून सांगतो. आणि झाडांचं म्हणाल तर लग्नानंतर तेरा-चौदा वर्षं कुंडीतली तुळस सोडून एकही झाड त्याला नावाने ओळखता येत नव्हतं. कढीपत्ता आण म्हटलं की आधी वास घेऊन बघायचा. असल्या माणसाने वॉटरफोर्ड काउंटीत, आमच्या घरापासून पावणेतीन तासांवर, अडीच एकर ओकचं रान घ्यायचं म्हणजे काय म्हणावं!

कारण एकच होतं, माझे सासरे.

अप्पा, म्हणजे रामकृष्णराव, नागपूरला वनखात्यात हेडक्लार्क होते. चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत जंगल एकदाही पाहिलं नाही. साहेब दौऱ्यावर जायचे, अप्पा दौऱ्याची बिलं काढायचे. शाळेत चारुदत्त ऐटीत सांगायचा की माझे वडील जंगलखात्यात आहेत. पोरं विचारायची, किती वाघ बघितले? घरी येऊन तो अप्पांना विचारायचा. अप्पा म्हणायचे, या दिवाळीत जाऊ. दिवाळी आली की नेमकी कुठल्यातरी साहेबाची अर्जंट फाईल यायची. अशा बारा-तेरा दिवाळ्या गेल्या, मग पोरगा मोठा झाला, विचारायचा थांबला. आता अप्पांचं वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तर चारुदत्तच्या डोक्यात आलं की अप्पांना जंगलात न्यायचं, आणि कुणाच्या परवानगीने नाही, आपल्या स्वतःच्या जंगलात न्यायचं.

मी म्हटलं, इथे जवळ विकलोमध्ये सरकारी जंगलं पडलीत की, फुकट. तिथे ने. तर म्हणे, ते सरकारी. अप्पांना तिथे ऑफिसात बसल्यासारखं वाटेल. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे होते, आणि मला स्वयंपाकघराला खिडकी असलेलं घर हवं होतं. मी तीन आठवडे अबोला धरला. चारुदत्तला तो कळायला दोन आठवडे लागले.

हे झालं दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात. रानाचा म्हातारा मालक वारला होता आणि त्याच्या बॉस्टनच्या पुतण्याला ते विकून मोकळं व्हायचं होतं. रान मोठं जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशातही ते तिथे आहे, तेव्हापासून कुणी नांगर घातलेला नाही. विक्री बंद पाकिटांनी होती. ज्याचा आकडा मोठा त्याला रान. चारुदत्तने कागदावर पंचवीस हजार युरो लिहिले आणि पाकिटाला जीभ लावणार, तोच माझ्या तोंडून गेलं, "अहो, शून्यावर काय संपवताय? वर एक घाला की!"

एरवी मी त्याला अरेतुरे करते. अहो म्हणते ती फक्त राग आला की. राग होताच, पण भांडण आपल्या जागी आणि रीत आपल्या जागी. शुभकार्याचा आकडा कुणी शून्यावर सोडतं का? चारुदत्तने मुकाट्याने शेवटच्या शून्याचा एक केला, पंचवीस हजार एक.

रान आम्हांला मिळालं. जमिनीचा एजंट फोनवर बराच वेळ हसत होता. त्याला आपल्याबद्दल आनंद झालाय असं आम्हांला वाटलं.

आता त्या रानाची गंमत अशी की त्याच्या एका बाजूला नदी, दोन बाजूंना दुसऱ्यांच्या कुंपणांचे काटेरी बांध, आणि चौथ्या बाजूला डेनिस नावाच्या शेतकऱ्याचं कुरण. खरेदीखतात स्पष्ट लिहिलं होतं की मालकाला कुरणातून पायी जायचा हक्क आहे. चारुदत्त पहिल्या शनिवारी नवे बूट घालून फाटकाशी पोचला, तर कुरणाच्या मधोमध एक वळू उभा. पांढराशुभ्र, आमच्या गाडीपेक्षा रुंद. त्याने मान वळवून चारुदत्तकडे पाहिलं. चारुदत्त त्याला सॉरी म्हणाला आणि पावणेतीन तास गाडी चालवून घरी आला.

पुढच्या शनिवारीही वळू तिथेच, त्याच्या पुढच्याही. डेनिसची बाकी तीन कुरणं रिकामी असायची, पण वळू नेमका आमच्याच वाटेत. वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, हक्क तुमचाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. वळूला ते समजावून सांगायचं काम मात्र माझ्याच्याने होणार नाही. आणि या सल्ल्याची फीही घेतली मेल्याने.

डेनिस साठीतला, लाल तोंडाचा, कानापर्यंत टोपी ओढलेला गडी. तिकडच्या अरुंद रस्त्यांवर गाडीसमोर गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायची पद्धत आहे. डेनिस सगळ्या गावाला बोट दाखवायचा, पोस्टमनला, पाद्र्याला, अगदी कुत्र्यालासुद्धा. चारुदत्तची गाडी आली की बोट स्टिअरिंगला चिकटलेलं. बोलायला जावं तर "ग्रँड डे" म्हणायचा आणि निघून जायचा. मला तर पक्कं ठाऊक होतं कारण काय ते. आपण परके, आपला रंग वेगळा, आपण त्यांच्या गावात जमीन घेतली, दुसरं काय असणार? चारुदत्त म्हणायचा, तसं नसेल गं. हा असाच. याच्या घरी चोर शिरला तरी हा त्याला पाणी विचारेल.

मग एक शोध लागला. थंडीत तिकडे गुरं गोठ्यात बांधतात, नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे पाच महिने आमचं रान उघडं. चारुदत्त दर पंधरा दिवसांनी पोह्यांचा डबा, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन जायचा. आयर्लंडचा डिसेंबर तुम्हांला सांगायला नको. चार वाजता अंधार, आणि पाऊस आडवा येतो. हा माणूस निष्पर्ण ओकखाली छत्री धरून गार पोहे खात बसायचा आणि घरी येऊन सांगायचा की काय शांत होतं. आमची ज्ञानदा तेव्हा बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डब्लिनच्या दूधवाल्यासारखं इंग्रजी. तिने शाळेत निबंध लिहिला की माझ्या वडिलांचा छंद भिजणे हा आहे.

पण छंद त्याला लागला, हे मान्य करायला हवं. पुस्तकं आली. कढीपत्ता न ओळखणारा माणूस मला शेवाळाचे प्रकार सांगायला लागला. हॉली, हेझेल ही झुडपं, कुठल्या पडलेल्या खोडात कुठली अळंबी, ते खोड उचलायचं का नाही. पुण्याच्या माझ्या बहिणीने फोनवर विचारलं, साफसफाई करून घेतली का रे जागेची? तर चारुदत्त, माझा हा गरीब गाय नवरा, पहिल्यांदाच आयुष्यात कुणावर तरी खेकसला. म्हणाला, तिथली एक काडी हलणार नाही. मला मनातून बरं वाटलं, पण मी काही ते दाखवलं नाही. मी त्या रानात पाय ठेवणार नाही असं जाहीर केलेलं होतं, आणि मी शब्दाची पक्की आहे.

अडचण एवढीच की अप्पांना थंडीत आणता येणार नव्हतं. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. यायचं तर उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात वळू. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात चारुदत्तने नदीकडून वाट काढायचं ठरवलं. हवा भरायची रबरी होडी आणली. नदीने त्याचं काही ऐकून घेतलं नाही. रान डाव्या हाताला दिसलं, जवळ आलं आणि मागे गेलं. मैलभर खाली तीन सभ्य गृहस्थ गळ टाकून बसले होते, त्यांच्या तिन्ही दोऱ्या हा अंगाला गुंडाळूनच थांबला. त्यांनी सोडवलं, चहा पाजला, आणि त्यातल्या एकाने सांगितलं की डेनिसला जाऊन भेट. काय झालंय ते मात्र सांगितलं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. सांगत कुणीच नव्हतं.

दोन हजार अठराच्या मेअखेर अप्पा आले. तीन महिन्यांचा व्हिसा, आणि विमानातून उतरतानाच म्हणाले, "हा शेवटचा प्रवास बरं का सूनबाई. आता गुडघे नाही म्हणून राहिले." त्या साली आयर्लंडात कधी नव्हे ते ऊन पडलं. आठवडेच्या आठवडे पाऊस नाही, गवत पिवळं पडलं, लोक रस्त्यात उघडे फिरायला लागले. देवाने अप्पांसाठी हवा केली होती आणि डेनिसने वळू ठेवला होता.

तीनदा गेलो आम्ही. तिन्ही वेळा फाटकाशी गाडी लावून आत बसलो. कुरण उतरतं आहे, त्यामुळे पलीकडे फक्त झाडांचे शेंडे दिसतात. अप्पा टोपी घालून पुढच्या सीटवर बसायचे, काकडीचं सँडविच खायचे आणि शेंड्यांकडे बघायचे. दोनदा चारुदत्त त्यांना उत्साहाने सांगत राहिला की आत काय काय आहे. तिसऱ्यांदा तोही गप्प होता. अप्पांनी हात पुसले आणि म्हणाले, "पुरे झालं रे बाबा. शेंडे पाहिले ना मी. जंगल पाहिल्यासारखंच आहे."

चारुदत्त हो म्हणाला. मी मागे बसले होते, आरशात मला त्याचा चेहरा दिसला. शाळेतून येऊन वाघांचा प्रश्न विचारणाऱ्या पोराचा होता तो चेहरा. घर, डिपॉझिट, खिडकी, सगळं गेलं खड्ड्यात. मला एवढा संताप आला की मी दार उघडून खाली उतरले आणि डेनिसच्या घराकडे चालू लागले. चारुदत्त मागून नको नको म्हणत होता. मी वळूनही पाहिलं नाही.

चालता चालता इंग्रजीत भाषण तयार केलं. हक्क, कायदा, माणुसकी, म्हाताऱ्या माणसाचा तळतळाट, सगळं त्यात होतं. दार डेनिसच्या बायकोने उघडलं. ब्रीडा तिचं नाव. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत तिने मला आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि हातात चहाचा मग दिला. आता हातात गरम मग असताना माणूस हातवारे काय करणार? डेनिस कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसलेला. आणि ब्रीडाच्या खांद्यावर नऊ दिवसांची नात.

माझं भाषण तिथेच अडलं. नऊ दिवसांचं बाळ पहिल्यांदा बघायचं आणि हात रिकामे! घरातल्या माणसांशी भांडण असेल, बाळाशी काय भांडण? मी मग ठेवला, पर्स उघडली. वीसची नोट निघाली. वर एक युरो सापडेना. पर्स टेबलावर उलटी केली; चाव्या, पेनं, जेलुसिल, लुआसचं कार्ड, ज्ञानदाची दातांची क्लिप, आणि शेवटी एक नाणं. ते नोटेवर ठेवून बाळाच्या मुठीत दिलं. ब्रीडाला त्याचं नवल वाटलं नाही. बाळाच्या हातात नाणं द्यायची पद्धत त्यांच्याकडेही आहे. पण डेनिस माझी सगळी शोधाशोध बघत होता. त्याने विचारलं, वीस दिलेच होते, मग त्या एकासाठी एवढा खटाटोप कशाला?

मी अजून रागातच होते. म्हटलं, "आमच्यात चांगल्या कामाला शून्याचा आकडा देत नाहीत. शून्य म्हणजे संपलं. वर एक ठेवला की पुढे चालू राहतं. लग्न असो, बारसं असो, काही खरेदी असो, एक वर ठेवायचाच."

डेनिसने बाळाच्या मुठीतल्या नाण्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "खरेदीलासुद्धा?"

"खरेदीला तर आधी."

"मी पंचवीस हजार लिहिले होते," डेनिस म्हणाला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तीस वर्षं या माणसाला ते रान हवं होतं, ब्रीडाने मग सगळं सांगितलं. म्हातारा मालक विकत नव्हता. तो गेला, याने पै पै जोडून पाकीट दिलं, आणि डब्लिनहून आलेला कुणी एक माणूस बरोब्बर एका युरोने पुढे गेला. कुणीही काय समजेल? एजंटने आकडा फोडला, हेच. एजंट ब्रीडाचा सख्खा मामेभाऊ. दोन वर्षं डेनिस त्याच्याशी बोलला नव्हता, ख्रिसमसलासुद्धा त्याच्या घरी गेला नव्हता. आणि तो एक युरो घालायला लावणारी मी, समोर बसून त्याच्या घरचा चहा पीत होते. मी दोन वर्षं त्याला रंगाचा द्वेष करणारा ठरवून मोकळी झाले होते, त्याने आम्हांला लबाड ठरवलं होतं. मी त्याला सरळ सांगितलं की तो एक माझा आहे, माझा नवरा शून्यावरच थांबत होता, आणि मला माफ करा.

डेनिसने टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. "दहा हजारांनी हरलो असतो तर बरं झालं असतं," म्हणाला. मग ब्रीडाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नवऱ्याकडे तसं बघायची पद्धत आमच्यातही आहे. तो उठून खिडकीशी गेला, फाटकाजवळच्या आमच्या गाडीकडे बघत उभा राहिला. गाडीतली टोपी तिथून दिसत होती. तो म्हातारा कोण, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, चौतीस वर्षांचं आणि दिवाळ्यांचंही सांगितलं.

"रविवारी अकराला आणा त्यांना," डेनिस म्हणाला. "वळू हलवतो मी."

रविवारी कुरण रिकामं होतं. अप्पांच्याने ते चालून होण्यासारखं नव्हतं, पण डेनिसने त्याचाही विचार केला होता. ट्रॅक्टरच्या मागे वासरं न्यायची लोखंडी पेटी असते, तिच्यात ब्रीडाच्या स्वयंपाकघरातली खुर्ची दोरीने बांधलेली. अप्पा कोट घालून, टोपी नीट करून, छत्री गुडघ्यांत उभी धरून त्या खुर्चीत बसले. साहेब लोक दौऱ्यावर निघायचे ते असेच का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, त्यांना जीप असायची. ते म्हणाले, यात हवा जास्त लागून राहिली. ट्रॅक्टर गोगलगाईच्या वेगाने चालला होता, चारुदत्त एका बाजूने पेटी धरून, मी दुसऱ्या. ज्ञानदा पुढून फोनवर शूटिंग करत उलटी चालत होती आणि दोनदा शेणात पडली.

रानाच्या तोंडाशी डेनिसने इंजिन बंद केलं आणि आत न येता तो बांधावरच बसला. मी पाय न ठेवण्याची प्रतिज्ञा केलेली, पण अप्पांचा एक हात चारुदत्तच्या खांद्यावर आणि एक माझ्या, तेव्हा कसली प्रतिज्ञा नि काय!

आत थंड होतं. बाहेर सगळं पिवळं पडलेलं आणि आत सगळं हिरवं. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, पडलेल्या झाडातून वर आलेली नवी झाडं. वाट अशी नव्हतीच. चारुदत्तने दोन वर्षं या दिवसाची तयारी केली होती. कुठून सुरुवात करायची, कुठल्या झाडापाशी काय सांगायचं, सगळं पाठ. त्याने घसा साफ केला. पण अप्पा थांबलेच नाहीत. समोरच्या सगळ्यांत मोठ्या ओकपाशी गेले, छत्री माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरून खोडाला लावले. अर्ध्यालाही पुरले नाहीत. मग गाल टेकवला. टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. बराच वेळ तसेच उभे होते.

"यातली कुठली तोडणार तू?" त्यांनी न वळता विचारलं.

"एकही नाही, अप्पा."

"मग घेतलं कशासाठी?"

चारुदत्तला पाठ केलेलं काही आठवेना. "तुम्हांला आणायला," तो म्हणाला.

अप्पा झाडापासून हलले नाहीत. "चौतीस वर्षं तोडीच्या परवानग्या टाइप केल्या मी, चारू," ते म्हणाले. "साग, नग तीनशे चाळीस. साग, नग बाराशे. कधी एक अक्षर चुकलं नाही माझं. पण एक नग एवढा असतो, हे मला कुणी सांगितलंच नाही रे."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. चारुदत्तने घडीची खुर्ची उघडली, खाली चारही पाय नीट टेकलेत का ते बघितलं, आणि अप्पांना दंडाला धरून तिच्यात बसवलं. मग तो त्यांच्या पायाशी शेवाळावर मांडी घालून बसला. तासाभराने डेनिस बांधावरून बघायला आला, की सगळं ठीक आहे ना. अप्पांनी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि शेजारची जागा हाताने थोपटली. डेनिस टोपी काढून तिथे बसला.